सांगलीत बसून स्वतःची वेबसाइट: डेव्हलपरनं ती कशी उभी करावी आणि तिच्यावर काय लिहावं

वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय सांगलीत १९४७ पासून आहे आणि कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६० पासून. इंजिनियर घडवण्यात आपला भाग कधी मागे नव्हता. पण डिग्री हातात पडली की रस्ता ठरलेला असायचा: पुणे, नाहीतर बेंगळुरू. २०२० नंतर घरून काम करणारे काही जण विश्रामबागेत, मिरजेत, इस्लामपुरात परतले, काहींनी इथल्याच व्यापाऱ्यांची, दवाखान्यांची, साखर कारखान्यांची कामं घेतली. या सगळ्यांची एक अडचण सारखी आहे. शेजारच्या टेबलावर सीनियर नाही. एरर आली तर खुर्ची फिरवून "हे काय आहे, बघता का जरा?" असं विचारायला कुणी नाही. आणि आपण एखादी गोष्ट छान सोडवली तर ती बघायलाही कुणी नाही.

हा लेख त्या मंडळींसाठी आणि शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींसाठी आहे. एचटीएमएल थोडंफार येतं, गिटशी तोंडओळख आहे, एवढं मी धरून चाललोय.

आधी कारण पक्कं करा

बरेच जण वेबसाइट करतात ती नोकरीसाठी. ते कारण खरं आहे, त्यात कमीपणा नाही. बेंगळुरूत बसलेल्या मुलाखतकाराला तुमचं कॉलेज ओळखीचं नसतं आणि रेझ्युमेवर सगळ्यांच्याच "जावा, पायथन, रिअ‍ॅक्ट" लिहिलेलं असतं. त्याच्यासमोर तुम्ही सोडवलेल्या एका अडचणीचं नीट वर्णन आलं, तर मुलाखतीतला पहिला प्रश्न त्यावर येतो, आणि त्याचं उत्तर तुमच्याइतकं चांगलं कुणालाच देता येत नाही.

माझ्या मते मोठं कारण दुसरं आहे. लिहायला बसलं की आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते उघडं पडतं. कोड चालला म्हणजे कळलं असं आपण समजतो. "ही ओळ का लागली?" याचं उत्तर दोन वाक्यांत लिहायचं म्हटलं की हात थांबतो, मग आपण डॉक्युमेंटेशन उघडतो, आणि खरं शिकणं तिथं सुरू होतं. मोठ्या ऑफिसात हे काम सीनियरचे प्रश्न करतात. इथं ते लिखाणाकडून करून घ्यावं लागतं.

सोशल मीडियावर का नको, असं विचारलं जातं. तिथं जरूर टाका, पण मूळ लेख स्वतःच्या पत्त्यावर ठेवा. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, ऑर्कुट २०१४ मध्ये, गूगल प्लस २०१९ मध्ये. तिथं लोकांनी वर्षानुवर्षं लिहिलेलं होतं. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं नाही, त्यांच्या हाती काही राहिलं नाही. डोमेन (वेबसाइटचा स्वतःचा पत्ता) आणि फाइली तुमच्या असतील तर होस्टिंग कंपनी बंद पडली तरी दुसरीकडं हलायला एक संध्याकाळ पुरते.

पहिलं पान आजच चढवा

सुरुवात डोमेन विकत घेण्यापासून करू नका. आधी फुकटात पान चढवा, ते दिसू दे, मग पैशाचं बघू.

सगळ्यात सोपी जागा म्हणजे गिटहब पेजेस. गिटहबवर खातं उघडताना युजरनेम विचारपूर्वक घ्या. पुढं ते पत्त्यात दिसणार आहे, त्यामुळं कॉलेजातलं टोपणनाव आणि जन्मसाल नको, साधं नाव-आडनाव बरं. मग नवीन रिपॉझिटरी करा आणि तिला तुमच्या युजरनेमपुढं डॉट गिटहब डॉट आयओ जोडून नाव द्या. हे सगळं अर्थात रोमन लिपीत, लहान अक्षरांत. स्पेलिंग युजरनेमशी तंतोतंत जुळलं पाहिजे. रिपॉझिटरी पब्लिक ठेवा. तिच्यात इंडेक्स डॉट एचटीएमएल नावाची एक फाइल टाका, कमिट करा. सेटिंग्जमधल्या पेजेस विभागात जाऊन मेन ब्रांच निवडलेली आहे ना ते बघा. काही मिनिटांत पान दिसायला लागतं. दहा मिनिटांनीही दिसलं नाही तर रिपॉझिटरीचं नाव आणि फाइलचं नाव पुन्हा तपासा, बहुतेक वेळा गडबड तिथंच असते.

त्या पहिल्या पानावर काय हवं? तुमचं नाव, तुम्ही काय काम करता ते दोन वाक्यांत, कुठं असता, आणि ईमेल. बस. स्किल्सच्या रंगीत पट्ट्या, "जावा ८५ टक्के, सी प्लस प्लस ७० टक्के" असलं काही टाकू नका. कशाचे टक्के ते कुणालाच कळत नाही. त्याऐवजी "सांगलीत राहतो, अडत दुकानांचं बिलिंग सॉफ्टवेअर करतो" हे एक वाक्य जास्त सांगून जातं.

वर्डप्रेस हवं का? ज्यांना कोड लिहायचा नाही त्यांच्यासाठी ते उत्तम आहे. डेव्हलपरला डेटाबेस, प्लगइन आणि त्यांचे सततचे अपडेट हा व्याप सांभाळायची गरज नाही. साध्या स्टॅटिक फाइली, म्हणजे डेटाबेसशिवाय आहेत तशाच दिसणारी पानं, पुरतात. त्या लवकर उघडतात, आणि तासगावच्या पुढं नेटवर्क एका काडीवर आलं तरी उघडतात.

लेख पाच-सहा झाले की प्रत्येक पानाचं शीर्ष आणि तळ हातानं लिहिणं जड जातं. तेव्हा स्टॅटिक साइट जनरेटर घ्या, म्हणजे लेखांना शीर्ष आणि तळ आपोआप जोडून पानं तयार करणारं सॉफ्टवेअर. जेकिल रुबीवर चालतं आणि गिटहब पेजेस ते थेट ओळखतं. ह्यूगो ही एकच फाइल उतरवून चालवता येते आणि ते फार वेगवान आहे. जावास्क्रिप्टची सवय असेल तर इलेव्हंटी. तिन्हींत लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुरात, लिहायचे असतात, त्यामुळं उद्या एकावरून दुसऱ्यावर गेलात तरी लिखाण वाया जात नाही. कुठलं निवडावं यावर आठवडा घालवू नका. थीम बदलण्यात दोन महिने जातात आणि लेख एकही होत नाही, हे मी फार जणांच्या बाबतीत पाहिलंय आणि दरवेळी हळहळ वाटते, कारण त्यांच्याकडं सांगण्यासारखं खरोखर असतं.

डोमेन

दोन-तीन लेख झाले की डोमेन घ्या. स्वतःच्या नावाचं घ्या, तंत्रज्ञानाच्या नावाचं नको. आज रिअ‍ॅक्टवर काम करता, पाच वर्षांनी कशावर कराल सांगता येत नाही. डॉट इन किंवा डॉट कॉम, दोन्ही चालतात. दर बघताना पहिल्या वर्षाच्या सवलतीकडं बघू नका, नूतनीकरणाचा दर बघा. खरा खर्च तो. आणि खरेदी स्वतःच्या खात्यातून करा, ओळखीच्या वेबसाइटवाल्याच्या खात्यातून नको, म्हणजे पुढं वाद नको.

जोडायचं असं: गिटहबच्या पेजेस सेटिंग्जमध्ये कस्टम डोमेनच्या चौकटीत नाव टाका. मग जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएस विभागात (कुठलं नाव कुठल्या सर्व्हरकडं न्यायचं त्याच्या नोंदी) चार ए-रेकॉर्ड भरा, १८५.१९९.१०८.१५३ आणि पुढं तिसरा आकडा १०९, ११०, १११ असा वाढवत. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसाठी एक सीनेम रेकॉर्ड, जो तुमच्या गिटहबच्या पत्त्याकडं बोट दाखवेल. डीएनएस सगळीकडं पसरायला एक दिवसही लागू शकतो, धीर धरा. नंतर "एनफोर्स एचटीटीपीएस"वर खूण करा. सर्टिफिकेट फुकट मिळतं, त्यासाठी कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

मराठी नीट दिसली पाहिजे

इंग्रजीत लिहायचं की मराठीत? दोन्हीत लिहा. जगभरातल्या लोकांना उपयोगी पडेल ते इंग्रजीत. पण डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा मुलगा गिटचा मर्ज कॉन्फ्लिक्ट (दोन बदल एकाच ओळीवर भिडतात तो) बघून घाबरतो, तेव्हा त्याला त्याच्या भाषेत समजावणारं पान फार क्वचित सापडतं. ते पान तुम्ही लिहू शकता. मित्राला चहाच्या गाड्यावर सांगता त्याच भाषेत लिहा.

मात्र तांत्रिक बाजू सांभाळायला लागते, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून इथं थोडं सविस्तर.

पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये लँग अ‍ॅट्रिब्यूटला "एमआर" हे मूल्य द्या. स्क्रीन रीडर मराठी आवाज निवडतो तो यावरून. शिवाय काही चांगल्या फाँटमध्ये ल आणि श यांची मराठी वळणाची रूपं असतात, ती लँग बरोबर असेल तरच उमटतात. नाहीतर हिंदी वळणाचा ल येतो. कॅरॅक्टर सेट यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत) असल्याची मेटा ओळ हेडच्या अगदी सुरुवातीला हवी. फाँटसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही मोफत आहेत. ओळींतलं अंतर १.७ च्या आसपास ठेवा. इंग्रजीसाठी ठरवलेलं १.४ देवनागरीला पुरत नाही, वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात.

लेखाच्या पत्त्यात देवनागरी टाकू नका. ब्राउझरमध्ये छान दिसते, पण तो पत्ता कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की अनेकदा टक्के-चिन्हांची माळ होते. "सांगली" या शब्दात युनिकोडची सहा चिन्हं आहेत, प्रत्येकाचे तीन बाइट, आणि प्रत्येक बाइट टक्के-चिन्हासकट तीन अक्षरांत लिहिला जातो. म्हणजे एका "सांगली"ची ५४ अक्षरं. पत्ता रोमनमध्ये, शीर्षक मराठीत, ही वाटणी चांगली.

आणखी एक बारीक गोष्ट. "दुसऱ्या", "शेतकऱ्यांचा" यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एक, नुक्त्याचा ऱ आणि हलन्त. दुसरी, साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही एकच, पण संगणकाला वेगळे. एका पद्धतीनं लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीनं शोधलात तर सापडेलच असं नाही. एक पद्धत धरा, शक्यतो पहिली, आणि सगळीकडं तीच ठेवा. साइटवर शोधाची सोय करणार असाल तर दोन्ही रूपं एकात बदलून घेणारं छोटं फंक्शन लिहा. त्यावरच एक लेख होतो!

लिहायचं काय

"माझ्याकडं लिहिण्यासारखं काही नाही" हे वाक्य मी सारखं ऐकतो. ते खरं नसतं. गेल्या आठवड्यात ज्यानं तुमचे दोन तास खाल्ले, ते लिहा. तुमच्या एक पायरी मागं असलेल्या माणसासाठी लिहा.

उदाहरण घेऊ, आपल्याच मार्केट यार्डातलं. हळदीच्या अडत दुकानासाठी तुम्ही एक छोटं सॉफ्टवेअर केलंय. सौदे झाले, कुणाची किती पोती, काय दर, तोलाई-हमाली वजा जाता किती पट्टी, असा सगळा हिशेब सीएसव्ही फाइलमध्ये बाहेर काढायची सोय दिली. दिवाणजींनी फाइलवर डबल क्लिक केलं, एक्सेल उघडलं, आणि शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी अगम्य रोमन चिन्हांचा कचरा. तुमच्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये तीच फाइल व्यवस्थित दिसते.

कारण असं, की डबल क्लिकनं सीएसव्ही उघडताना एक्सेल ती यूटीएफ-८ आहे असं गृहीत धरत नाही, विंडोजची जुनी कोड पेज वापरतं. देवनागरीचं एक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं असतं. एक्सेल त्या तीन बाइटची तीन वेगळी चिन्हं दाखवतं. उपाय म्हणजे फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाचे तीन बाइट घालायचे: ईएफ, बीबी, बीएफ. ते दिसले की एक्सेलला खूण पटते. पायथनमध्ये फाइल लिहिताना एन्कोडिंगला "यूटीएफ-८-सिग" दिलं की काम होतं. पण इथं एक फटका बसतो: तीच फाइल तुमचा दुसरा प्रोग्रॅम साध्या यूटीएफ-८ नं वाचत असेल तर पहिल्या रकान्याच्या नावाला ते न दिसणारं चिन्ह चिकटून येतं आणि "अनुक्रमांक नावाचा रकानाच नाही" अशी एरर येते. वाचतानाही "सिग" द्यायचं.

एवढ्यात लेख संपला. चारशे शब्द होतील. आता त्याची मांडणी बघा. शीर्षक असं द्या जे अडलेला माणूस शोधताना टाइप करेल: "सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठी नावं बिघडतात". "एन्कोडिंगची अद्भुत दुनिया" असं शीर्षक कुणी शोधत नाही. पहिल्या परिच्छेदात लक्षण. घाई असणाऱ्यासाठी लगेच उपाय. मग कारण, निवांत. कुठल्या व्हर्जनवर तपासलं ते आणि तारीख नक्की टाका, कारण तीन वर्षांनी वाचणाऱ्याला ते कळलंच पाहिजे. आणि एरर मेसेज स्क्रीनशॉटमध्ये ठेवू नका, अक्षरांत जशाच्या तसा चिकटवा. चित्रातली एरर कॉपी करून शोधता येत नाही.

कामातलं लिहिता येत नसेल तर स्वतःचा छोटा प्रकल्प घ्या. पावसाळ्यात अख्खी सांगली आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी बघत असते. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. प्रशासनानं जाहीर केलेले आकडे घेऊन त्यांचा साधा आलेख दाखवणारं पान करा आणि ते कसं केलं त्यावर लिहा. फक्त अशा पानावर आकडा कुणी दिला आणि शेवटचा किती वाजताचा आहे ते ठळक लिहिलंच पाहिजे. कोयनेचा विसर्ग वाढलेला असताना सकाळचा आकडा रात्री ताजा समजून कुणी घरात थांबलं, तर त्याची जबाबदारी आपल्यावर येते. हा विचार कसा केला, शिळा आकडा ओळखून पानावर लाल सूचना कशी लावली, हे लिहिलंत तर मुलाखतकाराला तुमच्यातला इंजिनियर दिसतो.

काय लिहायचं नाही

कंपनीचा कोड कंपनीचा असतो. तिथं शिकलेली कल्पना तुम्ही स्वतःच्या शब्दांत, नव्यानं लिहिलेल्या छोट्या उदाहरणातून सांगू शकता. फाइल उचलून टाकू शकत नाही. नेमणूकपत्रातलं गोपनीयतेचं कलम वाचा, शंका असेल तर मॅनेजरला मेल करून लेखी विचारा. बहुतेक वेळा परवानगी मिळते.

ग्राहकाचा डेटा तर अजिबात नको. वरच्या उदाहरणात शेतकऱ्यांची खरी नावं, मोबाइल, बँक खाती असतात. स्क्रीनशॉट घेण्याआधी खोटी नावं भरलेली वेगळी फाइल करा. नावावर काळा रंग फासण्यापेक्षा हे सुरक्षित.

पासवर्ड आणि एपीआय की (दुसऱ्या सेवेत शिरायची गुप्त किल्ली) गिटमध्ये चुकून गेल्या तर पुढच्या कमिटमध्ये पुसून उपयोग नाही, जुन्या इतिहासात त्या राहतात आणि पब्लिक रिपॉझिटरीत अशा की शोधणारे प्रोग्रॅम चोवीस तास फिरत असतात. ती की लगेच रद्द करून नवी काढायची.

स्वतःचीही काळजी घ्या. रेझ्युमेची पीडीएफ चढवताना त्यातला घरचा पत्ता, जन्मतारीख, मोबाइल नंबर काढा. ईमेल पुरतो. मोबाइलनं काढलेल्या फोटोत जागेची नोंद दडलेली असू शकते, ती काढून टाका, आणि चार एमबीचा फोटो दोनशे केबीच्या आत आणून मगच लावा.

लोकांपर्यंत पोचवणं

गूगल सर्च कन्सोलवर साइटची नोंद करा, साइटमॅप (साइटवरच्या सगळ्या पानांची यादी) द्या. आरएसएस फीड (नवा लेख आला की वाचकाला कळवणारी फाइल) चालू ठेवा, वर सांगितलेले जनरेटर तो एखाद्या प्लगइनसह किंवा त्याशिवाय तयार करतात. कॉलेजच्या ग्रुपवर लिंक टाका, पण लेखात काय मिळेल ते एका ओळीत सांगून. वाचकसंख्येचा आकडा रोज बघू नका. अशा लेखाला शोधातून येणारी माणसं सावकाश येतात, महिन्यांनी येतात, आणि ज्याला खरंच अडलेलं असतं तीच येतात.

एकदा दिलेला पत्ता बदलू नका. कुणीतरी तो बुकमार्क केलेला असतो, कुणी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये दिलेला असतो. जनरेटर बदलताना पत्ता बदलणं टळत नसेल तर जुन्यावरून नव्यावर रीडायरेक्ट ठेवा.

आणि प्रत्येक लेखाखाली ईमेल असू द्या. एखाद्या दिवशी विट्याहून किंवा नागपूरहून मेल येईल की नव्या व्हर्जनमध्ये तुमचा उपाय चालत नाही, असं केल्यावर चालला. तपासून बघा. बरोबर निघालं तर जुना मजकूर तसाच ठेवून खाली तारखेसह दुरुस्ती जोडा, आणि ज्यांनी कळवलं त्यांना विचारून त्यांचं नाव द्या.